राज्यघटना म्हणणाऱ्या कोंबड्या

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या दुरास्नो गावात अजून एकाचाही बसलेला नाही. लष्करानं सरकार बळकावलं, त्या वर्षी मला शाळेतून काढलं. वर ताकीद दिली, पुन्हा कुणाला शिकवलंस तर तुरुंग. मी आपलं परसात कोंबड्यांसाठी भलंमोठं लाकडी खुराडं बांधलं. पण मास्तरच्या कोंबड्या त्या! थोड्याच दिवसांत एका सुरात राज्यघटना म्हणायला लागल्या.

एका दुपारी बंदूक घेतलेला शिपाई परसात हजर.

"आत कोण बोलतंय?"

"कोंबड्या."

"राज्यघटना म्हणतात?"

"अंडं घालताना काहीतरी म्हणायची सवय आहे त्यांना."

शिपायानं फळीच्या फटीला कान लावला. शेवटी मी त्याला टोपीभर ताजी अंडी दिली, तेव्हा स्वारी खूश होऊन गेली.

परवा गुत्त्यात हे सांगितलं, तर मंडळी खो खो हसली. गल्ल्यावरचा रुबेन ओरडला, "एवारिस्तो मास्तर, मागच्या खेपेला सांगितलंत तेव्हा एकच कोंबडी होती!"

"मग? तिला पिल्लं नाही होणार?"

"साफ थाप आहे ही." कोपऱ्यातला अनोळखी म्हातारा पहिल्यांदाच बोलला. "फटीला मी कान नाही, डोळा लावला होता. आत सगळी पोरं होती, कोंबडी एकही नव्हती. आणि अंडी तुम्ही कुठली देताय मास्तर? कोंबड्याच होत्या हे साहेबाला पटवायला ती मीच वाटेत विकत घेतली."