मानाचा चापान

बंद पडलेल्या प्रांतिक मनोरुग्णालयाच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक निघालं आणि त्यात कुल्पाश आपाला अख्खं पान दिलं होतं: ‘इथल्या शिवणखात्यानं या रुग्णेला जन्माची कला दिली.’ सोव्हिएत काळात सामूहिक शेताच्या अध्यक्षाची मॉस्कोला तक्रार केली म्हणून या शहाण्यासुरत्या शिक्षिकेला तिथे नऊ वर्षं डांबलं होतं, एवढं लिहायला मात्र जागा पुरली नव्हती.

“आपा, प्रकाशनाला रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांना मानाचा चापान घालायचाय,” पुस्तकाची संपादक गुल्झिरा लाडीगोडीनं म्हणाली. “तुम्हीच शिवा ना! तुमच्याच हातून घातला, तर फोटो काय झकास येईल!”

“शिवते की. डॉक्टरांचे उपकार फेडायला नकोत?”

समारंभात त्या लांब झग्याच्या निळ्या मखमलीवरची सोनेरी वेलबुट्टी पाहून टाळ्यांचा कडकडाट झाला. ऐंशी वर्षांच्या डॉक्टर येस्कारायेवांनी छाती फुगवून बाह्यांत हात सारले. ते हात बाहेर काही येईनात. बाह्या गुडघ्यांखाली लोंबत होत्या, त्यांची टोकं शिवून बंद केली होती आणि टोकांना हातभर लांब नाड्या होत्या.

“अहो आपा, माप चुकलं की!” गुल्झिरा रडकुंडीला आली.

“चुकेल कसं? नऊ वर्षं त्या शिवणखात्यात दुसरं काय शिवलं मी?” असं म्हणत आपानं दोन्ही नाड्या डॉक्टरांच्या पाठीमागे नेल्या आणि निरगाठ मारली.



“माप तुम्हीच दिलेलं, डॉक्टर. माझ्या अंगावर चढवलंत तेव्हा कापड तेवढं जाडंभरडं होतं.”