श्वासाचा पट्टा

"खुर्चीत बसून नाही, डॉक्टर. जिना चढून यायचं," रेवती म्हणाली.

फुप्फुसांतल्या वाढलेल्या रक्तदाबामुळे तिला चार पावलांतच दम लागायचा. नव्या नियमाप्रमाणे दिव्यांग प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरला रुग्णाच्या श्वासाचा पट्टा बांधावा लागे. पट्टा बांधला की रुग्णाचा दम डॉक्टरलाही लागायचा.

गेल्या वर्षी लिफ्ट बंद असतानाही डॉ. दाबकेंनी तिला वर बोलावलं होतं आणि अर्ज नाकारला होता. आज लिफ्ट चालू होती. रेवती वरच थांबली; ते पट्टा बांधून लिफ्टने खाली गेले आणि जिना चढू लागले.

अर्ध्या जिन्यातच त्यांनी कठडा धरला. चेहरा घामाने डबडबला होता.

"काढा हे," ते कसेबसे म्हणाले.

"वर या, काढते."

ते पायरीवरच बसले. तेव्हा रेवतीने त्यांचंच गेल्या वर्षीचं वाक्य त्यांना शांतपणे ऐकवलं.

"दिसायला तर चांगले धडधाकट आहात."