कागदाची मागची बाजू

घोड्यावरून उतरताच तातेरावांनी हाक मारली ती आईला, पण हातातला कागद उगारला तो स्वयंपाकघराच्या दाराकडे.

दारामागे पार्वती उभी होती. कागद ओळखायला तिला जवळ जायची गरज नव्हती. एका अंगाला तहसिलीचा उर्दू हुकूम आणि गोल शिक्का. दुसऱ्या अंगाला बारीक, एकमेकांना चिकटलेली मराठी अक्षरं. तिचीच.

"वसमतच्या कचेरीत चार लोकांसमोर दाखवला मला ह्यो," तातेराव ओरडले. "पोलीस पाटलाच्या घरचा सरकारी कागद, अन् मागून कुन्या बाईची कहानी! निजामाच्या राज्यात बिनपरवाना काय लिवून वाटलं तर काय व्हतं, ठावं हाय का? पाटीलकी जाईल माझी. माय, इचार तिला. लिवता येतं का?"

तातेराव पार्वतीचे भासरे, म्हणजे थोरले दीर. भासऱ्याने भावजयीशी थेट बोलायचं नाही, आणि भावजयीने तर मुळीच नाही. त्यामुळे तिच्याविषयीचं सगळं या घरात तिच्या डोक्यावरूनच ठरत असे.

कुरुंद्याच्या या घरात ती तेराव्या वर्षी आली आणि पंधराव्या वर्षी विधवा झाली. त्याला बारा वर्षं झाली होती. वडील वऱ्हाडात मास्तर. लग्नाआधी त्यांनी बजावलं होतं, लिहिता-वाचता येतं हे तिकडे सांगू नकोस. पुढे नवरा पटकीने गेला आणि तिने तोंड आणखीच घट्ट मिटलं. शिकलेल्या बाईने नवरा खाल्ला, असं म्हणायला गावाला कितीसा वेळ लागतो?

विहिरीवर जायचं ते सासूच्या मागे. देवळात नाही, लग्नाकार्यात नाही. सासू चतुराबाई बाहेर निघाल्या की दाराला कुलूप लावून जात. हळद शिजवायच्या दिवसांत भिंतीपलीकडून वाफेचा वास येई, कामावरच्या बायकांचं हसणं येई. पार्वतीला ते ऐकूनच घ्यावं लागे.

दोन वर्षांपूर्वी कोठीतल्या रद्दीच्या कोऱ्या पाठी पाहून तिचा हात शिवशिवला. काजळीत डिंक खलून तिने शाई केली. गोष्ट सुरू झाली एका कोंडलेल्या सुनेची, आणि तिला कोंडणाऱ्या सासूची. ती सासू पार्वतीने मन लावून रंगवली. सगळा राग तिच्यावर ओतला.

गावोगाव बांगड्या भरत फिरणाऱ्या फातिमाबीने एकदा तिची काळी बोटं पाहिली. तातेरावांच्या मुलींचे हात भरता भरता ती हळूच म्हणाली, "दे मला. बांगड्या गुंडाळायला कागद लागतोच की." तेव्हापासून दर खेपेला पानं बाहेर जाऊ लागली. फातिमाबी परत आली की सांगे, "सोनाराची सून वाचते, सात-आठ बाया ऐकतात. नाव मी कुनाला सांगत न्हाई. पन पुढचं कधी, पुढचं कधी, म्हनून जीव खातात माझा." त्या एका निरोपावर पार्वती पुढचा महिना काढी.

आणि आता कागद तातेरावांच्या हातात होता.

चतुराबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. सुपाचा हात थांबला नाही.

"तिला काय इचारतूस?" त्या म्हणाल्या. "चौदा वर्सं माझ्या हाताखाली हाय ती. तिला 'क' काढून दाखीव, इळा म्हनंल. रद्दी मीच देली फातिमाबीला. कोरी होती. तिच्या पाटीतून धा गावं फिरली. कोन्या गावच्या बाईनं लिवलं, ते त्या गावच्या पाटलाला इचार."

कचेरीत सांगायला तातेरावांना उत्तर मिळालं होतं.

"ती बांगडीवाली आता या दारात नको," एवढं मात्र त्यांनी बजावलं. "अन् रद्दी आजच चुलीत घाल." मग ते हळदीच्या कढईकडे निघून गेले.

सासूच्या अडाणीपणाने पार्वतीला वाचवलं होतं, आणि त्याच तोंडातून फातिमाबीचं नाव निघाल्याने उरलेली फटही बुजली होती. कागद नाही, फातिमाबी नाही. आता मरेपर्यंत चूल.

"इकडं ये," चतुराबाईंनी हाक मारली.

ती समोर जाऊन उभी राहिली.

"हिरीवर सासू मारती, तवा ती पोरगी काहून रडत न्हाई?"

"आत्याबाई... तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई. दर शनिवारी मारुतीला म्हनून जाते, ती सोनाराच्या माडीवर जाते. पयल्या कागदापासून ऐकून राहिले." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "साऱ्या बाया त्या सासूला शिव्या देतात. म्याबी देल्या. मंग एक दिवस समजलं, कोन हाय ती."

"चुकलं माझं," पार्वती कशीबशी म्हणाली.

"चुकलं न्हाई. खरंच हाय ते. पन अर्धं हाय."

चतुराबाई उठल्या. कोठीत गेल्या आणि रद्दीचा अख्खा गठ्ठा दोन्ही हातांत घेऊन आल्या. चुलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. गठ्ठा पार्वतीच्या पुढ्यात ठेवून त्या भिंतीला टेकून बसल्या.

"या घरात आले तवा मी नऊ वर्सांची होते," त्या म्हणाल्या. "मला बी सासू होती. बस. मी सांगते, तू लिव."