कडेचं पान

नवशीचा नवरा रूपेश मुंबईला कामाला गेला आणि तिकडेच दुसरीबरोबर राहिला, असं धाकटा दीर नितीन सांगत आला होता. पोशेऱ्यात गावातल्या सगळ्यांना ते पटलं. नवऱ्यांबद्दलचं असलं काही लगेच पटतं. नवशीही रडून रडून थकली होती.

सर्वपित्री अमावस्येला सासूने अंगणात पितरांची पानं मांडली. कावळे आले, सासरे, आजेसासरे वेळेवर जेवून गेले. कडेच्या एका पानाला मात्र कावळा शिवेना.

"हे कुणाचं, आत्या?"

"असंच, विसरल्या-राहिल्यांचं. तू पाण्याला जा."

नवशी हंडा भरून परतली, तरी सासू उन्हात हात जोडून बसलेलीच होती. "तुझ्या नवशीला सांभाळीन," ती दमल्या आवाजात म्हणाली. कावळा आंब्यावरून हलला नाही. "नितीनला माफ कर रं पोरा. दारूत हात उठला त्याचा. तुझाच भाऊ ना तो?" कावळ्याने मान फिरवली.

नवशीने हंडा खाली ठेवला आणि ती सासूशेजारी बसली. "उद्या पहिल्या जीपनं मी मोखाड्याला पोलिसांत जाते," ती पानाकडे बघून म्हणाली.



पानाला कावळा शिवला.