व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर

"डोळे मिटा, बाबा. चीटिंग नाही करायची."

यतिनने हाताने खूणही केली आणि पद्माकररावांनी डोळे मिटले. ते यतिनच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसले होते, आणि उजव्या हाताचा तळवा त्यांनी दारातल्या स्पीकरच्या जाळीवर टेकवला होता. परदेशातल्या टार्निटमधलं, मुलाच्या घरचं गराज ते काय, पण त्यासाठी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मिरजेत चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. जानेवारीत तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले आणि विमानं बंद झाली. आता नोव्हेंबर उजाडला होता. इतक्या महिन्यांत त्यांच्याकडे दोनच कामं आली होती, डिशवॉशर रिकामा करणं आणि मंगळवारी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवणं. आज पहिल्यांदाच कुणी त्यांना काही विचारत होतं.

विचारणारे दोघे होते. यतिन कोल्ड स्टोरेजच्या शिफ्टला रोज दीड तास गाडी हाकायचा आणि त्याला गाडीत चांगला अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. त्याचा युनिव्हर्सिटीतला मित्र हृषिकेश शेजारच्या वेरिबी उपनगरातून दोन घेऊन आला होता. एक जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, त्याने स्वतः जोडलेला. दुसरा नेहमीचा ट्रान्झिस्टरचा. दोन्ही मागे बूटमध्ये, म्हणजे डिकीत, शेजारी शेजारी, आणि एक खटका दाबला की आवाज याच्यावरून त्याच्यावर. गाडीत व्हॉल्व्ह म्हणजे शुद्ध खुळेपणा, असं यतिनचं मत. एकदा ऐक आणि मग तोंड उघड, असं हृषिकेशचं. तीन आठवडे दोघे व्हॉट्सअ‍ॅपवर भांडले आणि शेवटी ठरलं, बाबा सांगतील तो ठेवायचा. पाहुण्याला घरी यायची परवानगी नुकतीच मिळाली होती, म्हणून शटर सताड उघडं आणि दोघांच्या तोंडावर मास्क.

हृषिकेशने खटका दाबला. तबला वाजू लागला, वर गायकाचा आवाज.

"ट्रान्झिस्टर," पद्माकरराव म्हणाले. "थाप तुटून पडते."

परत खटका.

"हा व्हॉल्व्ह. डग्गा कसा घुमतोय बघ."

सातपैकी सात बरोबर. हृषिकेशने मागूनच हात जोडले. "काका, मान गए! यतिन, ह्याला म्हणतात कान. काका, गायकाचा आवाज कुठल्यावर जास्त गोड वाटतो?"

पद्माकरराव गप्प. तंद्री लागली असेल, असं दोघांना वाटलं.

"लास्ट वन," हृषिकेश म्हणाला आणि त्याने गाणं बदललं.

या गाण्यात सुरुवातीला मिनिटभर नुसती बासरी होती. हृषिकेशने आवाज चांगलाच वाढवला होता. बाहेर फूटपाथवरून कुत्रा घेऊन जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं आणि हात हलवला.

पद्माकरराव वाट बघत होते. तळवा जाळीवर, डोळे मिटलेले.

"अरे, लावा की," ते म्हणाले. "हात अवघडला माझा."

हृषिकेश हसला. "काका, जोक मारताय का?"

पद्माकररावांनी तळवा जाळीवर आणखी दाबला. बासरी वाजत राहिली. हृषिकेशचं हसणं हळूहळू थांबलं.

यतिनची नजर त्या तळव्यावर गेली. इतका वेळ बाबा फक्त तबल्याबद्दल बोलत होते. आणि जुलैपासून, बाहेर मास्कची सक्ती झाल्यापासून, त्यांनी शेजारच्या विश्रामकाकांबरोबर तळ्यावर फिरायला जाणं सोडलं होतं. 'मास्कमध्ये जीव गुदमरतो,' म्हणायचे. दुकानातल्या मुलीने काही विचारलं की नुसते हसायचे. आधी त्याला वाटलं, त्यांना इथलं इंग्लिश कळत नाही. मग वाटलं, करोनाला घाबरलेत. घरात कुणी मास्क लावत नव्हतं, त्यामुळे घरात कुणाच्या काही ध्यानातच आलं नाही.

तबला सुरू झाला. पद्माकररावांचा चेहरा फुलला.

"आला! व्हॉल्व्ह."

बरोबर होतं.

यतिनने गाणं बंद केलं. खिडकीतून हात घालून त्याने बाबांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले. यतिनने मास्क हनुवटीखाली ओढला.

"बाबा, ऐकू कधीपासून येत नाही?"

पद्माकरराव त्याच्या ओठांकडे बघत होते. ओठ थांबले तरी थोडा वेळ तिथेच बघत राहिले.

"दोन वर्षं झाली, थोडं थोडं कमी होत गेलं," ते म्हणाले. "पण चालून जायचं. समोरच्याचं तोंड दिसलं की कळायचं. मग तुम्ही सगळ्यांनी तोंडं झाकलीत."

"सांगायचं नाही का मला?"

"रेडिओवाल्याने काय सांगायचं?"

यतिनला स्वतःचीच लाज वाटत होती. खिडकीची काच अर्धी वर होती, तिची कड तो घट्ट धरून उभा राहिला.

हृषिकेश बूटमागून पुढे आला. दोन पावलं लांब, लॉनमोवरपाशी उभा राहिला, मास्क खाली केला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "काका, मग कुठला ठेवायचा?"

पद्माकररावांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग यतिनकडे. घामेजलेला तळवा त्यांनी पँटवर पुसला, परत जाळीवर टेकवला आणि डोळे मिटले.

"परत लावा," ते म्हणाले. "तबल्यापासून."