पाणी चांगलं आहे

सकाळी बाटली काळी झाली होती. पार झाकणापर्यंत काळी.

तो खिडकीशी उभा राहून बघत होता. बायको न्हाणीघरात होती. काल तिने नळाचे पाणी त्या बाटलीत खुणेपर्यंत भरले होते आणि वर तारखेची चिठ्ठी डकवली होती. बाटलीत औषधाची पावडर असे. एक दिवस ठेवायची. पिवळी राहिली तर पाणी पिण्याजोगे, काळी पडली तर नळ बंद. आरोग्य समितीने हे काम वस्तीतल्या बायकांकडे दिले होते, आणि बायकांनी तिच्याकडे. बैठकीत अध्यक्ष हसून म्हणाले होते, "पाणी भरणाऱ्या आता पाणी तपासणार म्हणे!" ती म्हणाली होती, "भाऊ, जी भरते तिलाच कळतं, त्यात काय आलंय ते."

वस्तीला पाणी सोडायचे काम त्याचे होते. गटाराखालून जाणाऱ्या पाइपाचा सांधा महिनाभर गळत होता. साहेबांनी बदलायला सांगितले होते. उद्या करू, परवा करू, म्हणत त्याने ते तसेच ठेवले होते. शुक्रवारी त्याची नोकरी कायम व्हायची होती. अकरा वर्षे तो त्या एका कागदाची वाट बघत होता. आज बुधवार होता.

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. त्याने मागच्या दाराने जाऊन काळी बाटली गटारात रिकामी केली. खोक्यातून नवी बाटली घेतली. निकाल हाती येईपर्यंत बायको घरात पाणी उकळूनच देत असे. तेच गार झालेले पाणी त्याने खुणेपर्यंत भरले, बाटली हलवली, जुन्या बाटलीवरची चिठ्ठी सोडवून नवीवर चिकटवली. शनिवारी सांधा बदलतो, असे तो मनाशी म्हणाला. तीन दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे?

बायको केस पुसत बाहेर आली.

"अहो, पिवळीच आहे की! जीव भांड्यात पडला बाई."

दहा वाजता तो गल्लीच्या तोंडाशी पाणी सोडायची किल्ली घेऊन उभा होता आणि ती पिवळी बाटली दाखवत दारोदार निघाली होती. पहिल्याच दारात शिवणकाम करणाऱ्या काकूंनी हात हलवला. "बाटली आम्हाला काय कळतेय? तू पिऊन दाखव."

तिने काकूंच्या नळाखाली पेला धरला आणि एका दमात रिकामा केला. काकूंनी त्याच पेल्याने नातीला पाजले. मग दुसरे दार, तिसरे दार. प्रत्येक दारात एक पेला.

पाचव्या दाराशी त्याने तिला गाठले. "पुरे आता. पोट बिघडेल."

"ऐकलंत का गं?" ती बायकांना म्हणाली. "लग्नाला वीस वर्षं झाली, आज यांना माझ्या पोटाची आठवण झाली!"

बायका हसल्या. तोही हसला. एकच वाक्य बोलायचे होते. ते त्याच्या जिभेवर आलेही होते. तो मागे वळला, किल्ली फिरवली आणि पुढच्या गल्लीला पाणी सोडले.

गुरुवारी दुपारी पहिली उलटी तिलाच झाली. संध्याकाळपर्यंत निम्मी गल्ली आडवी झाली. त्याच दिवशी, कोणी न सांगता, त्याने सांधा बदलला.

शुक्रवारी त्याला कागद मिळाला. कागद खिशात घालून तो दवाखान्यात गेला. खाटा पुरत नव्हत्या, बायका जमिनीवर निजल्या होत्या. काकूंची नात सकाळीच गेली होती. काकू शेजारच्या खाटेवर बसून एकच म्हणत होत्या, "तुझ्या शब्दावर पाजलं गं मी तिला. तुझ्या शब्दावर."

बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टरांनी त्याला दाराबाहेर नेऊन सांगितले, "मूत्रपिंडं बंद पडलीत. काही बोलायचं असेल तर आत्ताच बोलून घ्या."

तो तिच्या उशाशी बसला. तिने डोळे उघडले.

"बाटली पिवळी होती ना हो? तुम्ही पण पाहिलीत."

"पाहिली."

"मग माझं चुकलं कुठे? खुणेच्या वर भरली का मी? हात नव्हते का धुतले?"

काकू बोलायच्या थांबल्या. जमिनीवरच्या बायकाही ऐकत होत्या.

"होतं असं," तो म्हणाला. "घाईत असशील."

तिने मान हलवली, जणू हिशोब एकदाचा जुळला.

"या मला कधी माफ करायच्या नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही तरी कराल ना?"

त्याने ओल्या कापसाने तिचे ओठ पुसले.

"केलं," तो म्हणाला.