वरचा सूर

“क्लबच्या फळ्यावरून माझं नाव पुसून टाका. शनिवारच्या मैफलीत वरच्या सुराला आवाज फाटला, तर पुन्हा इथे पाय ठेवायची नाही मी,” शशिकलाताई पेटीवाल्या खांबेट्यांना म्हणाल्या. साठी उलटली, तरी तिशीत धरलेली पट्टी त्यांनी सोडली नव्हती.

“पुसतो की. आधी एकदा गाऊन तर बघा,” म्हणत खांबेट्यांनी पेटी उघडली.

ताई डोळे मिटून गायल्या. वरचा सूर अगदी अलगद लागला. हरखून त्यांनी डोळे उघडले, तर खांबेट्यांची बोटं नेहमीच्या जागेपासून दोन पट्ट्या खाली!

ताईंचा चेहरा उतरला. मग हळूच हसू आलं. “पेटीचा आवाज आज बसलाय वाटतं?”

“वय झालं हो तिचं,” खांबेटे गंभीरपणे म्हणाले. “शनिवारी तिला तेवढं सांभाळून घ्या.”